लॉजमधलं एक पद आपल्याला हवं

वर्गणी (साप्ताहिक सदर)

फोर्टात स्टर्लिंग सिनेमाच्या मागच्या बाजूला फ्रीमेसन्स हॉल आहे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या दाराआड काय चालतं याचा पत्ता नसतो. ज्यांना थोडंफार कळलेलं असतं, ते आवाज खाली आणून बोलतात : गुप्त खुणा, कवटी, ॲप्रन आणि जगाची सूत्रं हलवणारी मंडळी. या सदराला त्या गुपितांत रस नाही. मेसनांचे विधी छापून केव्हाच बाहेर आलेत, पुस्तकांच्या दुकानात विकत मिळतात. वर्गणी कोण देतं, ती कुणापर्यंत जाते आणि मधे किती हात लागतात, एवढंच आपण इथे दर आठवड्याला बघतो. त्या नजरेने लॉजकडे, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखेकडे, पाहिलं तर तिथे उचलण्याजोगी एक गोष्ट आहे.

आधी थोडा इतिहास, कारण मुंबईचा त्यात मोठा वाटा आहे. १७१७ मध्ये लंडनच्या एका मद्यगृहात चार लॉज एकत्र आली आणि पहिलं ग्रँड लॉज उभं राहिलं. पुढे दहा-पंधरा वर्षांत कलकत्त्याला लॉज निघालं, नंतर मुंबईतही. ही सगळी गोऱ्यांची मंडळं. माणकजी खरसेटजी या पारशी गृहस्थांनी मुंबईत अर्ज केला, तो फेटाळला गेला. भायखळ्याचा ‘खडा पारशी’ ज्यांचा पुतळा आहे त्यांचे हे चिरंजीव. घरात पैसा, शिक्षण, इंग्रजी, कशालाच तोटा नव्हता. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये मेसन होऊन आले. मग १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत निघालं. त्याची दारं हिंदी माणसाला उघडी होती. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना हिंदू म्हणून आत यायला १८७२ उजाडलं, तेही कित्येक वर्षं भांडून. माणकजींनी पुढे १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. दार बंद असल्याचा अनुभव घेतलेला माणूस पुढे काय करतो, ते बघण्यासारखं असतं.

आजच्या भारतीय लॉजमध्ये शपथ घेणारा आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवतो. गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता असे ग्रंथ एकाच चौरंगावर असतात, आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण या विषयांवर वाद घालायला मनाई असते. ही मनाई आपल्या काही सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांनीही लावून बघावी. असो.

आता मूळ मुद्दा. नव्या सभासदाच्या दीक्षेआधी त्याच्या अंगावरचं सगळं काढून घेतात : पैसे, घड्याळ, अंगठी, धातूची म्हणून जी काही वस्तू असेल ती. डोळ्यांवर पट्टी, डावी छाती उघडी, एक पाय सपातेत, गळ्यात दोरी. शपथविधी उरकला की पट्टी सुटते आणि त्याला सभागृहाच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. तिथे त्याच्याकडे धर्मादायासाठी काहीतरी मागतात. बिचारा देणार काय? अंगावर छदाम नाही. चांगला वकील, डॉक्टर, कारखानदार असलेला माणूस चारचौघांत हात चोळत उभा. तेव्हा त्याला सांगतात की पुढे कधी असाच रिकाम्या हाताचा माणूस भेटला, तर आजची ही घडी आठवा आणि जमेल ते द्या.

दानाचं महत्त्व सांगणारी भाषणं मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. दोन मिनिटं खिसा रिकामा ठेवून माणसाला उभं करण्याची ही युक्ती त्या सगळ्यांहून सरस आहे. प्रत्येक ट्रस्टच्या नव्या विश्वस्ताला एकदा असं उभं करावं, असं मला मनापासून वाटतं.

हा झाला संस्कार. व्यवस्था त्याहून महत्त्वाची. लॉजमध्ये अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आपल्यासारखेच. त्यांच्या जोडीला ‘आल्मनर’ नावाचा एक पदाधिकारी असतो. कोण सभासद आजारी आहे, कुणाचं ऑपरेशन झालं, कोण तीन बैठका आला नाही, गेलेल्या सभासदाची पत्नी कशी आहे, मुलांची फी भरली का, याची खबर ठेवणं हे त्याचं काम. तो फोन करतो, घरी जातो, लागलं तर फॉर्म भरून देतो. बैठकीत त्याला उभं राहून सांगावं लागतं की अमुक बंधू रुग्णालयात आहेत, तमुक वहिनींना भेटून आलो. म्हणजे विचारपूस ही कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाही. ती कार्यक्रमपत्रिकेवरची एक बाब आहे.

‘आपलेच आपल्यांना मदत करतात, यात कसलं आलंय दान?’ हा लॉजवरचा जुना आक्षेप. मला तो अर्धाच पटतो. ज्ञातिसंस्थांची वसतिगृहं, कामगारांच्या पतपेढ्या, गावच्या मंडळांचे मुंबईतले गाळे, हे सगळं आपल्याच माणसांसाठी निघालं आणि त्यावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या शिकल्या. आतल्या माणसासाठी निघालेली सोय बाहेरच्याला कधी खुली होते, हा खरा प्रश्न. इंग्लंडमध्ये १७८८ मध्ये रुस्पिनी नावाच्या दंतवैद्याने गरजू मेसनांच्या मुलींसाठी शाळा काढली. ती आजही लंडनजवळ रिकमन्सवर्थला चालू आहे आणि आता तिथे कुणाचीही मुलगी शिकू शकते. आपल्याकडे कोइम्बतूरचं मेसॉनिक मेडिकल सेंटर लहान मुलांवर उपचार करतं, दिल्लीत मेसॉनिक पब्लिक स्कूल आहे. तिथे येणाऱ्याला तुमचे वडील कोणत्या लॉजचे असं कुणी विचारत नाही.

१९६१ च्या २४ नोव्हेंबरला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. तेव्हापासून आपल्या बहुतेक लॉजांचा कारभार इथूनच चालतो. मोतीबिंदूची शिबिरं, रक्तदान, व्हीलचेअर, वह्यावाटप असं बरंच काही ते करतात. चांगलंच आहे, पण यात लॉजचं असं खास काही नाही. रोटरी, लायन्स, आपली गणपती मंडळं हेच करतात, आणि फोटोही सारखेच निघतात : एक खुर्ची, तिला धरलेले अकरा हात.

तक्रारीही आहेत. मुख्य प्रवाहाच्या लॉजमध्ये आजही बाईला सभासदत्व नाही. ॲनी बेझंट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष दोघांनाही घेणाऱ्या मेसन पंथात गेल्या, तो पंथ भारतातही आला, तरी मूळ संस्थेचं दार हललं नाही. म्हणजे आल्मनर जिची विचारपूस करायला जातो, तिला स्वतः आल्मनर होता येत नाही. शतकभरात हे बदलायला हवं होतं. दुसरं, दान गुप्त असावं ही शिकवण देणाऱ्यापुरती ठीक. संस्थेचा हिशोब मात्र उघडा हवा. इंग्लंडच्या मेसनांनी २०१६ मध्ये आपले चार मोठे निधी एकत्र करून एक धर्मादाय संस्था केली आणि तिचे वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. आपल्याकडच्या प्रत्येक लॉजने बाहेर किती दिलं आणि कुणाला दिलं, याचा एक कागद हॉलच्या दारावर लावला, तर यूट्यूबवरच्या निम्म्या गप्पा आपोआप बंद पडतील.

तरीही आल्मनरचं पद मी सोडायला तयार नाही. आपल्या सोसायटीत लिफ्टची समिती असते, पार्किंगची असते. मंडळात मिरवणूकप्रमुख असतो, वर्गणीप्रमुख असतो, प्रसिद्धीप्रमुख तर हमखास. चौथ्या मजल्यावरच्या एकट्या आजोबांचं दार दोन दिवस उघडलं नाही, हे मात्र दूधवाल्याला आधी कळतं. आपण वाईट आहोत म्हणून असं होत नाही. ते काम कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही, म्हणून होतं.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणी निवडाल तेव्हा खजिनदाराच्या खाली एक ओळ वाढवा. पदाला ‘भेटप्रमुख’ म्हणा, काहीही म्हणा. बाईंना द्या, निवृत्त माणसाला द्या, पण एकाच्या नावावर द्या, आणि दर बैठकीत त्या व्यक्तीला पहिली पाच मिनिटं बोलू द्या. खर्च फोनचा आणि रिक्षाभाड्याचा. तेवढा वर्गणीतून करायला माझी हरकत नाही.

– वर्गणीदार