घर पडले तरी हंगाम वाचला पाहिजे



पूर ओसरला की वर्तमानपत्रात दोन आकडे येतात. माणसे किती गेली आणि पीक किती हेक्टर गेले. किती कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, हा तिसरा आकडा बहुतेक वेळा आतल्या पानावर येतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. राजापेठेत जिल्हा बैठकीला जमणाऱ्या कार्यकर्त्यांनी या खेपेला त्या तिसऱ्या आकड्याचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आपण कापसाच्या भावावर बोलतो, कर्जावर बोलतो, विजेच्या बिलावर बोलतो. घरावर बोलत नाही. घर हा खासगी मामला आहे असे आपण धरून चालतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याचे घर म्हणजे नुसती झोपायची जागा नाही. तेच त्याचे गोदाम, तीच ज्वारीची कणगी, तोच बैलांचा गोठा. खताची पोती तिथेच, डवरे-वखर तिथेच, न विकलेला कापूस तिथेच. असे घर पडते तेव्हा शेतीचा सगळा कारखाना बंद पडतो.

आणि तो बंद पडतो कधी? आपल्याकडे पूर येतो जुलै-ऑगस्टात. पऱ्हाटी वीतभर झालेली असते. डवरणी, निंदण, खताचा पहिला हप्ता, सगळे त्याच पंधरवड्यात असते. त्या वेळी कुटुंब तालुक्याच्या शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात नेऊन ठेवले, तर जीव वाचतो हे खरे. पण बैल कोणी सांभाळायचे? तणाने भरलेले वावर कोणी काढायचे? घर गेले की हंगाम जातो, हंगाम गेला की कर्ज थकते आणि कर्ज थकले की वावर जाते. छपराची गोष्ट शेवटी सातबाऱ्यावर येऊन थांबते ती अशी.

हा दूरच्या मुलखाचा प्रश्न नाही. वरूड तालुक्याच्या पलीकडे, वर्धा नदीच्या काठी, नरखेड तालुक्यातले मोवाड आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला आणि त्या एका गावातली २०४ माणसे गेली. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अकोल्यात मोर्णेचे पाणी सखल वस्त्यांत शिरले. जुलै २०२३ मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि लोकांना काढायला हवाई दलाला बोलवावे लागले. तिन्ही वेळा महिना तोच, जुलै.

माणसे बाहेर काढण्याचे काम सरकार पूर्वीपेक्षा बरे करते, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. पाणी उतरले, पुढारी येऊन गेले, फोटो झाले. आता त्या कुटुंबाने रात्री कुठे झोपायचे?

या बाबतीत महाराष्ट्राने सर्वांत मोठा धडा घेतला तो किल्लारीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांपैकी नव्हता. माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर हात-दीड हात मातीचे माळवद, ज्याला आपण धाबे म्हणतो. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच छप्पर पहाटे अंगावर आले.

त्यानंतर आले टिनाचे शेड. पावसापुरते, थंडीपुरते असे म्हणत ते आले आणि महिन्यांची वर्षे झाली. टिनाखाली मराठवाड्याचा उन्हाळा काढणे काय असते, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको.

५२ गावे नव्या जागी नव्याने बांधली. सरकार होते, जागतिक बँकेचे कर्ज होते, देशभरातून आलेल्या संस्था होत्या. पण घराचे माप कशावर ठरले? सातबाऱ्यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ७५०. घरात खाणारी तोंडे किती, हे विचारले गेले नाही. वसाहती आखल्या त्या शहरासारख्या, सरळ रेषेत, रुंद रस्त्यांच्या. बैल कुठे बांधायचा, कडब्याची गंजी कुठे लावायची, याचे उत्तर नकाशात नव्हते.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जी घरे पूर्ण पडली नव्हती, पण तडकली होती, अशी सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे ठेकेदार आला नाही. पैसा आणि साहित्य घरमालकाच्या हाती दिले, इंजिनियरने सल्ला द्यायचा आणि काम घरच्यांनी करून घ्यायचे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत बायकांना संवाद सहायक नेमले. हप्ता आला का, सिमेंट किती मिळाले, कोपऱ्यात बांध घातला का, हे त्या बायका घरोघर पाहत. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, तेव्हा गुजरात सरकारने हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला. हप्त्याहप्त्याने पैसे घरमालकाला, कामाची तपासणी इंजिनियरची. बहुतेक गावांनी स्थलांतर नाकारले आणि आपल्याच जागी घरे उभी केली.

यातून एकच गोष्ट सांगायची आहे. आसऱ्याची मदत पहिल्या दिवसापासून कुटुंबाच्या हाती पडली पाहिजे, शक्य तिथे त्याच्याच जागेजवळ पडली पाहिजे आणि तिच्यातून पुढचे पक्के घर उभे राहिले पाहिजे. आज दिलेले टिन, बल्ल्या आणि तार उद्या घराला लागले, तर पैसा दोनदा खर्च होत नाही. ठेकेदाराने ओळीने उभी केलेली शेडे उपटून भंगारात गेली, तर तोच पैसा पाण्यात गेला.

'तात्पुरते' हा शब्द ऐकला की सावध व्हा. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली. वाचलेल्यांच्या हाती नव्या गावातली घरे पडली २०१७ मध्ये. मधले तीन पावसाळे तात्पुरतेच होते. म्हणून पहिला आसरा असा पाहिजे की त्यात वेळ पडल्यास तीन पावसाळे काढता येतील.

आता कायद्याचे बोलू. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवण्याची तरतूद आहे. विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूदही त्यातच आहे. २०१६ मध्ये त्याप्रमाणे मानके निघाली. मदत छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट. तीस माणसांमागे एक संडास. हिशेब करा. सात माणसांच्या कुटुंबाला छावणीतसुद्धा सुमारे २६५ चौरस फूट जागा मिळाली पाहिजे. किल्लारीच्या भूमिहीन मजुराला कायमचे घरच २५० फुटांचे मिळाले होते! कायदा पुढे गेला आहे, तो वापरणारे मागे राहिले आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. ही मागणी घेऊन जायचे ते तिथे.

पैशाचे निकषही माहीत पाहिजेत. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये होते. निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,०००. तीन हजारांत आज चार चांगल्या बल्ल्या आणि वरची टिने येतात का, ते कोणत्याही बाजारात विचारून पाहा. ज्या बैलजोडीवर घर चालते, तिच्या आसऱ्याची ही किंमत ठरवली गेली.

शिवाय अट अशी की बांधकाम अधिकृत पाहिजे. ई-क्लास जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मजुराचे काय? आपल्या वावरात कापूस वेचायला येणारी बाई त्याच घरातली आहे. तिचे छप्पर गेले तर वेचणीला कोण येणार? तिचा प्रश्न वेगळा मानण्याची चैन शेतकऱ्याला परवडत नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्यालाही ताडपत्री, टिन आणि बांबू पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजेत. कागदाचे भांडण नंतर.

आपल्या मागण्या साध्या आहेत.

एक. पाणी उतरल्यापासून दोन दिवसांत प्रत्येक कुटुंबाला आसऱ्याचे सामान मिळावे. रेड क्रॉसच्या संचात ४ मीटर बाय ६ मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोरी, तार, खिळे, फावडे, करवत आणि हातोडा असतो. असे संच पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तहसिलीत भरलेले असावेत.

दोन. पंचनामा गावात सर्वांसमोर व्हावा आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावी. गोठ्याची आणि भिजलेल्या धान्याची नोंद त्याच वेळी व्हावी.

तीन. घराचे पैसे नवरा-बायकोच्या जोडखात्यात यावेत. घर बायकोच्याही नावावर लागावे. नवरा गेला म्हणून बाईला पुन्हा दारोदार फिरावे लागू नये.

चार. छावणी करावीच लागली तर जनावरांची सोय तिच्या शेजारीच असावी. बैल सोडून शेतकरी छावणीत येत नाही आणि न आल्याने जीव जातो.

मागण्या करून हात झटकणे हा आपला रिवाज नाही. गावानेही काही गोष्टी जूनच्या आत करून ठेवाव्यात. घराचा नमुना आठचा उतारा, सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच जागी ठेवा. घराचा चारी बाजूंनी आणि गोठ्याचा आतून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला तो पुरावा आहे. राजापेठेत बैठकीला आलात तर परत जाताना गावाच्या वर्गणीतून चार जाड ताडपत्र्या आणि दोरीचे बिंडे घेऊन जा. ते ग्रामपंचायतीत कुलपात न ठेवता उंचावरच्या एखाद्या घरी ठेवा.

आसरा उभारण्याची वेळ आली तर काळ्या मातीचा स्वभाव विसरू नका. ती पाण्याने फुगते, उन्हाने फाटते आणि खांब ढिला करते. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, निदान मुरूम ठासून भरा. ओटा हातभर उंच करा, भोवती चारी खणा. टिन नुसत्या दगडाने दाबू नका, आकड्याने किंवा तारेने बांधा. वावधनात उडालेले टिन माणूस कापते. उन्हाळ्यात टिनावर चुना मारा. पऱ्हाटीचा किंवा कडब्याचा थर टाकलात तर चूल त्या छपराखाली पेटवू नका.

पुराला जात नाही, पक्ष नाही. मदतीला मात्र दोन्ही चिकटतात. ती चिकटू द्यायची नसतील, तर यादी करणाऱ्याच्या शेजारी गावातल्या चार बायका वही घेऊन उभ्या राहिल्या पाहिजेत. किल्लारीच्या मुलखातल्या बायकांना जे जमले ते वऱ्हाडच्या बायकांना जमणार नाही, असे कोणी म्हणू शकेल का? या बैठकीतून परत जाताना प्रत्येक गावाने त्या चौघींची नावे ठरवून जावे आणि पहिला पाऊस पडायच्या आत ती तहसिलीत लेखी कळवावीत.