पुसलेली मालिका, उरलेली कादंबरी

मालिकेवरून लिहिलेली कादंबरी म्हटले की जाणकार वाचक नाक मुरडतो. आधी कादंबरी, मग तिच्यावर नाटक, चित्रपट किंवा मालिका हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. उलट वाटेने आलेले पुस्तक म्हणजे गाजत्या नावावर चार पैसे मिळवण्याचा उद्योग, असे आपण धरूनच चालतो. विज्ञानकथेच्या बाबतीत हा समज साफ चुकीचा आहे आणि ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेवरची पुस्तके त्याचा भक्कम पुरावा आहेत.

बीबीसीवर ही मालिका नोव्हेंबर 1963 मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिच्यावरचे पहिले पुस्तक आले. ते लिहिले डेव्हिड व्हिटेकर यांनी, म्हणजे मालिकेच्या पहिल्या कथा-संपादकांनी. पडद्यावर इयान आणि बार्बरा हे दोन शिक्षक आपल्या एका विद्यार्थिनीच्या मागावर भंगाराच्या आवारात पोहोचतात आणि तिथे त्यांची मालिकेच्या नायकाशी, डॉक्टरशी, गाठ पडते. व्हिटेकर यांनी ही सुरुवात बाजूला ठेवली. पुस्तक उघडते ते लंडनच्या बार्न्स कॉमन या माळावर, दाट धुक्यात, रस्त्यावरच्या एका अपघातापाशी. इयान इथे शिक्षक नाही, नोकरीच्या शोधात असलेला शास्त्रज्ञ आहे आणि सगळी हकीकत तोच सांगतो. मालिकेचा एकेक तपशील पाठ असलेल्या माणसाने तिचा आरंभच बदलला, कारण छोट्या पडद्याला जे पुरते ते कागदाला पुरत नाही हे त्याला कळत होते. डॉक्टरच्या कवचधारी शत्रूंपैकी, म्हणजे डालेकांपैकी, काचेच्या कवचातला एक डालेकही त्याने या पुस्तकात आणला. पडद्यावरच्या त्या कथेत असा डालेक नव्हता.

पुढे 1973 मध्ये ‘टार्गेट’ या प्रकाशनाने जुनी तीन पुस्तके पुन्हा छापली आणि नवी लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यांतले माल्कम हल्क यांचे 1974 चे पुस्तक मुद्दाम वाचावे असे आहे. मूळ कथा 1970 ची, सात भागांची. माणसाच्या आधी पृथ्वीवर नांदलेली बुद्धिमान सरपटणाऱ्यांची एक जमात भूगर्भात निद्रिस्त असते. जवळच्या अणुसंशोधन केंद्रामुळे ती जागी होते. पडद्यावर हे प्राणी म्हणजे रबरी मुखवटे चढवलेले नट. त्यांना नावेसुद्धा नव्हती. श्रेयनामावलीत एक ‘वृद्ध’, एक ‘तरुण’, एक ‘शास्त्रज्ञ’, एवढीच त्यांची ओळख.

हल्क यांनी पुस्तकाची सुरुवातच त्यांच्यापासून केली. कोट्यवधी वर्षांपूर्वी आकाशातून एक गोल पृथ्वीच्या दिशेने येतो आहे आणि ही जमात दीर्घ निद्रेची तयारी करते आहे. ओक्डेल, मोर्का, क’टो अशी नावे आता त्यांना आहेत. भीती आहे, आपापसात मतभेद आहेत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे शेतीची नासाडी करणारे केसाळ जनावर. शेवटी लष्कर त्यांचा तळ उडवून देते, हे मालिकेतही आहे आणि पुस्तकातही. पण ज्यांची नावे आपल्याला ठाऊक झाली आहेत, त्यांचा संहार वाचताना जीव कळवळतो. मूळ पटकथा हल्क यांचीच होती. स्टुडिओ, वेळ आणि पैसा यांनी तेव्हा जे करू दिले नाही, ते त्यांनी कादंबरीत करून घेतले.

सगळेच असे नव्हते. टेरन्स डिक्स यांनी या मालिकेवर साठाहून अधिक पुस्तके लिहिली आणि त्यांतली काही घाईची आहेत: संवाद जसाच्या तसा, मधे ‘तो म्हणाला’, की झाले प्रकरण. तरीही इंग्लंडमधल्या एका पिढीला वाचनाची गोडी लावण्यात डिक्स यांच्या सोप्या, वेगवान गद्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जेम्स ब्लिश यांनी 1967 पासून ‘स्टार ट्रेक’चे भाग लघुकथांत बसवले. ब्लिश स्वतः ह्यूगो पुरस्कार मिळवलेले लेखक होते, पण तासाभराच्या नाट्याला त्या आटोपशीर कथांत पुरेसा श्वास घेता येत नाही.

या पुस्तकांनी आणखी एक मोठे काम केले, जे लिहिताना कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. व्हिडिओ टेप महाग होत्या, पुनःप्रक्षेपणावर कराराची बंधने होती आणि रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कोणी विचारेना. म्हणून बीबीसीने साठच्या दशकातले असंख्य कार्यक्रम पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’ची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली ती 1983 मध्ये. तोवर जुनी गोष्ट पुन्हा अनुभवायची तर पुस्तकाला फारसा पर्याय नव्हता. ‘वेब ऑफ फिअर’ ही 1968 ची सहा भागांची कथा घ्या. डिक्स यांनी तिची कादंबरी 1976 मध्ये लिहिली. हरवलेले भाग नायजेरियातल्या जोस शहरात सापडल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले, तेही तिसरा भाग वगळून. मधली सगळी वर्षे ही कथा जिवंत राहिली ती प्रामुख्याने डिक्स यांच्या पुस्तकात.

असेच झाले ‘ए फॉर अँड्रोमेडा’चे. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जॉन इलियट यांची ही मालिका बीबीसीने 1961 मध्ये दाखवली. अंतराळातून आलेला संदेश हा खरे तर संगणक बांधण्याच्या सूचना असतात आणि तो संगणक पुढे प्रयोगशाळेत सजीव घडवायला लावतो, अशी तिची कल्पना. आज मूळ मालिकेचा एकच पूर्ण भाग आणि काही तुकडे शिल्लक आहेत. त्या दोघांनीच 1962 मध्ये लिहिलेली कादंबरी मात्र अखंड आहे. त्या काळात जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. शास्त्रज्ञाने कथा लिहिणे कमीपणाचे नाही, हे त्यांना गुरूच्या घरातच पाहायला मिळाले आणि मराठीला पुढे त्याचा भरघोस लाभ झाला.

आपल्याकडे ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि ‘कॅप्टन व्योम’ या दूरदर्शनवरच्या विज्ञानमालिका आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना नक्की आठवत असतील. त्या हिंदीत होत्या, पण मराठी घरांतही आवडीने पाहिल्या गेल्या. मराठी प्रकाशकांनी रीतसर हक्क घेऊन अशा मालिकांवर कादंबऱ्या लिहून घ्याव्यात. हे काम भाषांतराच्या दराने आणि महिनाभराच्या मुदतीत उरकायचे नसते. त्यासाठी हल्क यांच्यासारखा, मुखवट्याआडच्या पात्राला नाव देणारा लेखक शोधावा, त्याला पुरेसा वेळ द्यावा आणि मुखपृष्ठावर त्याचे नाव ठळक छापावे.