खटपट्यांच्या बाजूने

गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या विभागाच्या बैठकीत एक प्रसंग घडला. प्रसंग तसा लहान. पण त्या दिवशी आम्ही तिघेही गप्प बसलो आणि ते गप्प बसणे तेव्हापासून सलते आहे. प्रस्तुत लेख त्या मौनाची भरपाई म्हणून लिहीत आहोत. सहकाऱ्यांना तो बोचला तर त्याला आमचा इलाज नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव म्हणून एक खोके आणून टेबलावर ठेवले. खोके जुन्या रेडिओचे. आत काच फुटलेला एक मोबाईल फोन, बाहेर दोन ठसठशीत बटणे आणि एक स्पीकर. मुलगा सोलापूरच्या पूर्व भागातला, घरची भाषा तेलुगू. आजीचे आयुष्य विड्या वळण्यात गेले. तिची शाळा मराठी चौथीपर्यंत झालेली आणि श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ रोज थोडाथोडा वाचण्याचा तिचा अनेक वर्षांचा नेम. काचबिंदूने दृष्टी गेली आणि नेम तुटला. नातवाने टाकाऊ फोन उघडून असा बदलला की एक बटण दाबले की पोथी पुढे वाचली जाते आणि दुसरे दाबले की मागची ओवी पुन्हा ऐकू येते.

हे त्याने कसे साधले ते सांगितले पाहिजे, कारण बैठकीत ते कोणी विचारले नाही. हेडफोनच्या खाचेत जोडलेल्या बटणाचा रोध किती आहे, हे अँड्रॉइड फोन मोजत असतो. सुमारे २४० ओहम रोध दिसला तर ती आज्ञा ‘आवाज वाढव’ अशी समजली जाते आणि ४७० ओहम दिसला तर ‘आवाज कमी कर’ अशी. त्याने काही रुपयांचे दोन रेझिस्टर घेतले, त्यांना मोठी बटणे डाख देऊन जोडली आणि फोनच्या आत ‘आवाज वाढव’ या संकेताचा अर्थच बदलून ‘पुढे वाच’ असा केला. संकेत तोच, अर्थ नवा. चिन्हमीमांसेच्या तासाला आम्ही फळ्यावर जे समजावतो, ते त्याने डाखेच्या तारेने करून दाखवले होते.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची. पोथी वाचणारा आवाज ‘ई-स्पीक एनजी’ या मुक्त प्रणालीचा. तिच्यात मराठी आहे आणि मराठी उच्चारांचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत उघडे ठेवलेले आहेत. मराठी च, ज, झ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लिपीत अक्षर मात्र एकच, हे पदवीच्या वर्गात आम्ही सगळेच शिकवतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. आपल्याला संदर्भावरून फरक कळतो, यंत्राला कळत नाही. यंत्राचा उच्चार चुकला की आजी हसे किंवा चिडे. मग हा मुलगा वही घेऊन बसला. पोथीतले शब्द एकेक ऐकून त्यांची यादी केली, कोणत्या शब्दात कोणता च आणि कोणता ज हे ठरवले आणि ते नियम त्या फायलीत भरले. जिथे एकाच लेखनाचे दोन उच्चार संभवतात, तिथे पोथीत अधिक वेळा येणारा स्वीकारला आणि उरलेली जागा ‘न सुटलेली’ म्हणून प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली. स्वनविज्ञानाची इतकी चोख गृहपाठवही आमच्या वर्गात क्वचितच येते.

प्रस्ताव फेटाळला गेला. त्याऐवजी ‘ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रण’ हा विषय त्याला देण्यात आला. त्याने तो आज्ञाधारकपणे पुरा केला आणि उत्तम श्रेणी मिळवली. असो.

बैठकीत तीन आक्षेप घेतले गेले. पहिला : यात साहित्य कुठे आहे? दुसरा : फोन उघडला की कंपनीची वॉरंटी मोडते, अशा छेडछाडीवर विभागाने शिक्का कसा मारायचा? तिसरा : जुगाडाचे कौतुक आता पुरे झाले. तिन्ही आक्षेप घेणारी माणसे विद्वान आहेत आणि आमच्या स्नेहातली आहेत. म्हणूनच उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप ऐकून आम्हांला आपल्याच अभ्यासक्रमाची आठवण झाली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात आपण गणपत कृष्णाजींचे नाव आदराने घेतो. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पाहिलेले यंत्र त्यांनी लाकडात स्वतः उभे केले, शाई स्वतः घोटली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढले. त्याच १८३१ साली मोल्सवर्थचा कोश प्रसिद्ध झाला. कोशाच्या मागे सरकारी आश्रय होता, तर पंचांगाच्या मागे एका माणसाची खटपट. आपण दोन्ही शिकवतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, हेही आपण अभिमानाने सांगतो. हेच पुरुष आज हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन विभागाच्या दारात उभे राहिले तर आपण त्यांना काय विचारू? यात साहित्य कुठे आहे, असेच ना?

आणि इतके मागे जाण्याचीही गरज नाही. संगणक जेव्हा या देशात आला तेव्हा त्याला देवनागरी येत नव्हती आणि ती यावी असा त्याच्या निर्मात्यांचा हेतूही नव्हता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ प्रकल्पाने एक कार्ड तयार केले. ते संगणकात खोचले की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या डॉस प्रणालीच्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. हे काम करणारे पगारी संशोधक होते, हौशी नव्हते, हे आम्ही जाणतो. पण कृती तीच : दुसऱ्याने बंद करून दिलेल्या खोक्यात आपली भाषा आपल्या हाताने घुसवणे. त्याच काळात ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली आकाराला आली आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतली गेली. हा लेख ज्या अक्षरांत वाचला जात आहे, त्यांच्या पाठीशी ही परंपरा आहे.

यानंतर खऱ्याखुऱ्या हौशींची पाळी आली. २०१०-११च्या सुमारास बाजारात आलेल्या अनेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. कुठे अक्षरे दिसलीच तर जोडाक्षरे मोडलेली आणि वेलांट्या भलत्या जागी. आम्ही तेव्हा नव्याने प्राध्यापकी करू लागलो होतो आणि व्याख्यानांत मराठीच्या भवितव्याची चिंता वाहत होतो. चौकोनांवरचा उपाय मात्र आम्हांला विद्यार्थ्यांनी शिकवला. ऑपेरा मिनीच्या एका आडबाजूच्या पानावर जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे’ हा पर्याय निवडायचा, की मराठी मजकूर चित्रांच्या रूपाने फोनवर उतरे. ज्यांचे एवढ्याने भागत नसे, ते फोन ‘रूट’ करत. म्हणजे निर्मात्याने स्वतःकडे राखून ठेवलेला मूळ अधिकार आपल्याकडे घेत आणि प्रणालीतली अक्षरसंचाची फाईल बदलून तिथे देवनागरी बसवत. यात वॉरंटी जाई, कधी फोनही कायमचा निकामी होई. ‘वाऱ्या’तला अर्धा र नीट दिसावा, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसावेत, एवढ्यासाठी स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र पणाला लावणारी माणसे या महाराष्ट्रात होती. ठरावांवर सह्या करणाऱ्या आमच्यासारख्यांपेक्षा त्यांची भाषानिष्ठा कमी प्रतीची होती काय?

आता दुसरा आक्षेप. वॉरंटी मोडते हे खरे. पण वॉरंटी हा विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला करार आहे. ती गेल्याने ग्राहकाचे आश्वासन जाते, तो गुन्हेगार ठरत नाही. वस्तू विकत घेतल्यावर ती उघडण्याचा हक्क विक्रेत्याकडे का राहावा, हा प्रश्न कायद्यानेच विचारला आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र मेकॅनिकांना मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ६५अ कुलपे तोडण्यास शिक्षा सांगते, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडली तर. आणि २०२२ सालापासून केंद्राचे ग्राहक व्यवहार खातेच ‘दुरुस्तीच्या हक्का’ची भाषा बोलू लागले आहे. सरकार जिथे पोहोचले तिथे मराठी विभागाने पोहोचायला हरकत नसावी.

गैरसमज नको म्हणून सांगतो. फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे आणि चोरीचा माल खपवणाऱ्यांना त्याची गरज पडते. त्यांची वकिली आम्ही करत नाही. फुगलेली लिथियम बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने टोचली तर ती पेट घेते. तो धोकाही आम्ही लपवत नाही. पण प्रयोगशाळेत आम्ल असते म्हणून आपण रसायनशास्त्र बंद करत नाही. सावधपणे उघडायचे कसे, हेच तर शिकवायचे असते.

या आक्षेपातली विसंगती आम्हांला अधिक खटकते. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. ती आपण दरवर्षी परीक्षेत विचारतो. संहितेवर लेखकाच्या हेतूची मालकी नसते, वाचक तिच्यातून नवा अर्थ निर्माण करतो, असे उत्तर लिहिणाऱ्यास आपण गुण देतो. मग निर्मात्याच्या हेतूपुढे इतकी शरणागती कशासाठी? कवीच्या हेतूला न जुमानणारे आपण कंपनीच्या माहितीपत्रकाला मात्र श्रुतिवचन मानतो. वाचकाचे स्वातंत्र्य कागदावर आपल्याला क्रांतिकारक वाटते; तेच तारेवर आणि पत्र्यावर दिसले की ती छेडछाड होते. यामागे सिद्धान्त नाही. हात काळे करणाऱ्याबद्दलची जुनी अढी आहे आणि ती कुठून आली हे मराठी माणसाला सांगावे लागू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, हे आम्ही मान्य करतो. ‘जुगाड’ हा शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून गौरवला गेला आणि त्या गौरवाच्या आड सरकारची व कंपन्यांची जबाबदारी झाकली गेली. दृष्टिहीन आजीला पोथी ऐकवणारे यंत्र तिला सहज मिळायला हवे होते. नातवाला ते रेडिओच्या खोक्यात बनवावे लागले, ही शरमेचीच बाब आहे. पण शरम कोणी बाळगायची? ज्याने उणीव भरून काढली त्याने, की जिच्यामुळे ती राहिली त्या व्यवस्थेने? खटपट्याने केलेला बदल म्हणजे मूळ वस्तूवरची टीका असते. इथे काय कमी आहे, हे तो नेमके दाखवतो आणि तेही कृतीने. टीकेचे कौतुक नको म्हणून टीकाकारालाच दाराबाहेर काढायचे, हा न्याय समीक्षेच्या प्राध्यापकांना शोभत नाही.

आणि ‘जुगाड’ हा परका शब्द हवाच कशाला? मराठीत ‘खटपट’ आहे. त्यात कष्ट आहे, चिकाटी आहे, आवाजही आहे. सोलापूरला तर तो दिवसरात्र ऐकू येतो. चादरीवरची नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेने विणणारे जॅकार्ड या शहराच्या परिचयाचे आहे आणि छिद्रांतून आज्ञा देण्याची तीच कल्पना पुढे गणकयंत्रांनी उचलली. बिघडलेल्या मागाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा जॉबर आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरात आहे. यंत्र उघडून पाहणे हा त्यांचा वारसा आहे. विभागात येताना तो उंबऱ्याबाहेर ठेवून यावा, अशी अट आपण कोणत्या अधिकाराने घालतो?

म्हणून पुढील बैठकीत आम्ही तीन गोष्टी लेखी मांडणार आहोत. भाषेशी संबंधित उपकरणात वा प्रणालीत केलेला बदल प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावा. मात्र त्यासोबत केलेल्या भाषिक निर्णयांचे टिपण असावे. स्वनविज्ञानाच्या अभ्यासात मराठी उच्चारनियमांच्या उघड्या फायली वाचणे व सुधारणे हे प्रात्यक्षिक असावे. आणि विभागाचे जे संगणक भंगारात जाण्यासाठी निर्लेखनाच्या यादीत आहेत, ते आधी विद्यार्थ्यांना उघडू द्यावेत.

मागणी फेटाळली जाईल, हे संभवते. मात्र या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

ते खोके अजून चालू आहे. मध्यंतरी त्या मुलाने सांगितले, आजीची नवी तक्रार आहे : यंत्र ओवीच्या शेवटी थांबत नाही, वाचणाऱ्याने तिथे श्वास घ्यायला हवा. छंद म्हणजे काय, हे याहून थोडक्यात आम्हांला कधी सांगता आलेले नाही. त्याने ओवीच्या शेवटी विराम घातला. तो किती लांब असावा, यावर आजी-नातवाचे अद्याप एकमत झालेले नाही. संशोधन चालू आहे. विभागाची मान्यता तेवढी बाकी आहे.