जमा पडद्यावर, नावे घरात

परदेशात नवे आयुष्य उभारणाऱ्या माणसांचे चित्रपट सहकुटुंब पाहण्यास सुखद वाटतात. आरंभी निरोप, मग अनोळखी रस्ते, थोडी फजिती, थोडे अश्रू आणि दोन तासांच्या अखेरीस स्थिरावलेला जीव. व्यापारी घरातील प्रेक्षकाने मात्र ते आणखी एका नजरेने पाहावेत. प्रत्येक जमेसमोर कोठेतरी नावेची नोंद असतेच, हा खतावणीचा नियम येथेही लागू पडतो.

जॉन क्राउली दिग्दर्शित ‘ब्रुकलिन’ (२०१५) या चित्रपटात आयर्लंडमधील एनिस्कॉर्थी या लहान गावची आयलिश १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला जाते. दिवसा मोठ्या दुकानात विक्रेतीचे काम; घरच्या आठवणीने ती खचते, तेव्हा एक धर्मगुरू तिला हिशेबलेखनाच्या रात्रवर्गात घालतात. त्या अभ्यासाने ती सावरते. परंतु तिचे जाणे जुळवून आणणारी थोरली बहीण रोझ आईजवळ मागेच राहते. रोझ अकस्मात निवर्तते आणि आयलिशला अंत्यविधीलाही पोहोचता येत नाही. जाणाऱ्याच्या जमेस मागे राहणाऱ्याचे किती मोल पडले, याची ही नोंद दिग्दर्शकाने लपविलेली नाही.

‘द हंड्रेड-फूट जर्नी’ (२०१४) या लासे हालस्ट्रॉम यांच्या चित्रपटातील कदम कुटुंब मुंबईचेच. दंगलीत उपाहारगृह जळते, घरची माता जाते आणि उरलेले सारे अखेर फ्रान्समधील एका गावी येतात. ओम पुरी यांनी रंगविलेला कुटुंबप्रमुख मुलांचा विरोध डावलून एका नामांकित फ्रेंच भोजनगृहासमोरच बंद पडलेली जागा विकत घेतो. पडद्यावर हे धाडस फळते. पेढीवर मात्र असा सौदा करण्यापूर्वी किती महिन्यांचे खेळते भांडवल हाती आहे, हे पाहावे लागते.

जॉन मॅडन यांचा ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ (२०११) ही दिशाच उलटी करतो. त्यात सात वयस्क ब्रिटिश माणसे जयपूरला येऊन राहतात. त्यांतील एव्हलिनच्या पतीने मागे कर्ज ठेवलेले असते, म्हणून तिला घर विकावे लागते. डग्लस व जीन या दांपत्याने निवृत्तीची पुंजी कन्येच्या इंटरनेट व्यवसायात गुंतविलेली असते. विनोदी प्रसंगांच्या आड दडलेला हा भाग आपल्याकडील प्रत्येक आईवडिलांनी दोनदा पाहण्याजोगा आहे. अपत्याच्या उद्योगास हातभार जरूर लावावा. परंतु उत्तरायुष्याची रक्कम आधी वेगळी काढून मगच. आणि ते जर्जर हॉटेल अखेर तगते कशामुळे? सांधा बदलून घेण्यासाठी आलेली, कधीकाळी दुसऱ्यांच्या घरचा कारभार सांभाळलेली म्युरिएल हॉटेलच्या वह्या तपासते आणि धंदा चालू शकतो हे आकड्यांनी पटवून देते.

तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. परक्या भूमीवर माणसाला तारले ते हाती असलेल्या किंवा नव्याने मिळविलेल्या कसबाने: हिशेब, स्वयंपाक, घर चालविण्याची शिस्त. सामान जहाजावर तोलून न्यावे लागते. कसबाचे वजन होत नाही.

आज अनेक घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी परदेशी निघतात. त्यांना अडवू नये. निघण्यापूर्वी मात्र कुटुंबाने एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवावीत. पहिला, तेथे पहिले वर्षभर उत्पन्न झाले नाही तर खर्च कोठून भागेल, आणि त्यासाठी राहते घर वा आईवडिलांच्या ठेवी गहाण पडणार नाहीत ना? दुसरा, मध्यरात्री आईवडिलांना दवाखान्यात न्यावे लागले तर येथे कोण असेल? त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ज्या मुलाचे वा सुनेचे नाव निघेल, तिच्या अथवा त्याच्या वाट्याला घरच्या मिळकतीतील न्याय्य हिस्सा आणि चारचौघांत उच्चारलेला कृतज्ञतेचा एक शब्द, या दोन्ही गोष्टी वेळेवर पोहोचाव्यात. रोझच्या बाबतीत तो शब्द उशिरा आला.