सह्या गोळा करण्याचा गुन्हा

मैत्रिणींनो, सह्यांची मोहीम आपल्यापैकी कोणी केलेली नाही? दारूबंदीसाठी, रेशनसाठी, घरातल्या मारहाणीविरुद्ध आपण कागद-पेन घेऊन दारोदार फिरलो आहोत. "मालक घरी नाहीत, मग या" हे ऐकून परतलो आहोत. इराणमधल्या बायकांनी हेच काम केले आणि त्यांच्यावर राष्ट्रीय सुरक्षेविरुद्ध कृत्य केल्याचे आरोप ठेवले गेले.

12 जून 2006 रोजी तेहरानच्या हफ्त-ए-तीर चौकात स्त्रियांना दुय्यम ठरवणाऱ्या कायद्यांविरुद्ध निदर्शने झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, सुमारे सत्तर जणांना धरून नेले. चौकात उभे राहू देत नाहीत ना, मग घरोघर जाऊ, असे म्हणत त्याच ऑगस्टमध्ये दहा लाख सह्यांची मोहीम सुरू झाली. मोरोक्कोतल्या बायकांनी नव्वदीच्या सुरुवातीला असेच केले होते, तोच धडा घेतला. मागण्या अगदी साध्या होत्या. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने 13 होते, ते वाढवा. घटस्फोटात, मुलांच्या ताब्यात, वारशात समान हक्क द्या. न्यायालयात बाईची साक्ष निम्मी धरू नका. कार्यकर्त्या बसमध्ये, बागेत, घरोघरी बायकांना कायदा समजावून सांगत आणि मग सही मागत. (सहीपेक्षा हे समजावणेच सरकारला जास्त झोंबले असावे, असे मला वाटते.) मार्च 2007 मध्ये काही कार्यकर्त्यांचा खटला चालू असताना न्यायालयाबाहेर शांतपणे जमलेल्या 33 जणींनाही अटक झाली.

त्यांची वकीलपत्रे घेणाऱ्यांत नसरीन सोतुदे होत्या. 2010 मध्ये त्यांनाच पकडले. 11 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सहा वर्षांवर आली, शिवाय वकिली करण्यावर बंदी. एवढ्यावर भागले नाही. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीवर देशाबाहेर जाण्याची बंदी घातली. 2012 मध्ये या बंदीविरुद्ध सोतुदेंनी तुरुंगात 49 दिवस अन्नत्याग केला, तेव्हा कुठे ती उठली. समाजकार्य करताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. बाई स्वतःवरचा घाव सोसते, पण तिला वाकवायचे असेल तर लोक लेकरांवर हात टाकतात. सासर हे करते, आणि तिथे सरकारही तेच करत होते.

2018 मध्ये सोतुदेंना पुन्हा अटक झाली. भर रस्त्यात डोक्यावरचा रुमाल काढणाऱ्या मुलींची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली होती. त्यांचे पती रझा खानदान यांनी सक्तीच्या हिजाबाला विरोध सांगणारे बिल्ले बनवायला मदत केली, पत्नीच्या अटकेविरुद्ध जाहीरपणे लिहिले. त्यांनाही सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये तुरुंगात नेले गेले.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "त्यांचा धर्मच तसा." मला हे मान्य नाही. आपल्या मागण्या इस्लामच्या विरोधात नाहीत, असे ही मोहीम पहिल्यापासून सांगत होती. 2022 मध्ये तेहरानमध्ये महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या मुली त्याच समाजातल्या होत्या. त्यांचे फोटो दाखवून इथल्या मुस्लिम मुलींना टोमणे मारणाऱ्यांच्या हाती आपण आपला शब्द देता कामा नये. तिथे रुमाल बांधण्याची सक्ती आहे, तर 2022 मध्येच कर्नाटकात तो काढण्याची सक्ती वर्गात झाली. दोन्हीकडे मुलीला कोणी विचारले नाही.

पुरस्कारांनी संरक्षण मिळते का? शिरीन एबादींना 2003 मध्ये नोबेल मिळाले, तरी त्यांनी सहकाऱ्यांसह चालवलेले मानवाधिकार केंद्र 2008 मध्ये पोलिसांनी बंद केले. त्याच केंद्रात काम करणाऱ्या नर्गिस मोहम्मदींना 2023 चे नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्या एविन तुरुंगात होत्या. त्यानंतर महिनाभरातच, डोके झाकायला नकार दिला म्हणून त्यांना इस्पितळात न्यायचे टाळले गेले. डिसेंबरात ऑस्लोला पुरस्कार घ्यायला गेली ती त्यांची जुळी मुले, आईला वर्षानुवर्षे न भेटलेली.

मुंबईत इराणचा वाणिज्य दूतावास आहे, तिथे गटांनी निवेदने द्यावीत असे मी सुचवते. मात्र त्यात फक्त गाजलेली दोन-तीन नावे लिहून थांबू नये. ज्यांना पुरस्कार नाहीत अशा सह्या मागणाऱ्या, खटले लढवणाऱ्या सगळ्यांची सुटका मागावी आणि मुलांच्या भेटी, फोन, औषधपाणी यांची मागणी वेगळ्या कलमात लिहावी.