मोरचूद चांगला, पिंप लोखंडी!



फवारणी फसली की दुकानदार म्हणतो प्रमाण चुकले, कृषी सहायक म्हणतो उशीर झाला. दोष शेतकऱ्याचा हे आधीच ठरलेले. पिंपाकडे मात्र कोणी बघत नाही.

मोरचुदात वजनाने सुमारे २५ टक्के तांबे असते. पाण्यात टाकला की तांब्याचे विद्युतभारित कण सुटे होतात; निळा रंग त्यांचाच, आणि बुरशी मारतात तेही तेच. पण हे कण फार वेळ सुटे राहत नाहीत. लोखंड भेटले की तांबे त्यावर जाऊन बसते आणि लोखंड पाण्यात उतरते. म्हणजे लोखंडी पिंपात मोरचूद कालवला, तर विकतचे तांबे पिंपाला आतून लागले आणि पंपात हिराकस भरला! मी कृषी पदवीधर. हे समीकरण परीक्षेत मला तोंडपाठ होते. पिंपाला भोक पडले तेव्हा कळले. प्लास्टिकची टाकी नाहीतर मातीचा माठ घ्या.

दुसरा शत्रू पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी सोडायुक्त. त्यात नुसता मोरचूद टाकला की हिरवट-निळा गढूळ साका खाली बसतो. तांबे तिथेच अडकले. इथेच चिलेटवाला येतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. ईडीटीए तांब्याला चिमट्यासारखे धरून ठेवते, साका होत नाही. पण आपल्या काळ्या जमिनीत तुटवडा बहुधा जस्ताचा आणि लोहाचा, तांब्याचा क्वचित. माती न तपासता कोरडवाहू शेतकऱ्याने हा खर्च का करावा? पुडीवरचे तांब्याचे टक्के वाचा, किलोमागे नव्हे तर तांब्यामागे भाव काढा.

बांधावर लिंबू-संत्र्याची चार झाडे असतील त्यांच्यासाठी बोर्डो. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरवून, मोरचुदाचे पाणी चुन्यात ओता, उलट नको. चुना तांब्याला बांधून पानावर चिकटवतो, मग ते दवा-पावसात थोडे थोडे सुटते. चुना कमी पडला तर सुटे तांबे पानच जाळते. घासलेला विळा क्षणभर बुडवा. तांबूस थर चढला तर आणखी चुना हवा. कालवले त्याच दिवशी संपवा.

हा शोधही प्रयोगशाळेतला नव्हे. फ्रान्समधले द्राक्षबागाईतदार चोरांना भिववायला रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या हे मिलार्दे या प्राध्यापकाने पाहिले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. पाहणारा प्राध्यापक होता, शिंपडणारा शेतकरी.

मग फवारणीचा सल्ला देणाऱ्या खात्याने विळ्याची ही कसोटी गावोगाव का दाखवू नये? तोवर आपणच दाखवू. जिल्हा बैठकीला येताना आपल्या विहिरीचे बाटलीभर पाणी आणि एक जुना विळा आणा. मोरचूद मी आणतो.