पंचनाम्यानंतर काय?

आपल्याकडे अपघातांची नोंदच होत नाही, ही तक्रार मला पटत नाही. नोंद होते. पोलीस पाटील वर्दी देतो, पंच सह्या करतात, तलाठी आकडा कळवतो, शासन मदत जाहीर करते. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्यावर आहे. वारसांना किती द्यायचे आणि दोषी कोणाला धरायचे, एवढ्यापुरताच हा कागद कामी येतो. पुढचे काम कसे करावे हे ठरवताना तो कोणी उघडत नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण आठवून पाहा. ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा गावावर आला आणि १५१ मृतदेह हाती लागले. अतिवृष्टी, उताराचे सपाटीकरण, पाण्याचा कोंडलेला निचरा यांपैकी कशाला किती दोष द्यावा, याविषयी वाद झाले. पाणी प्यायलेली सैल माती उतारावर टिकत नाही, याविषयी मात्र वाद नव्हता. पुनर्वसनाचे गाव आमडे येथे उभे राहिले आणि २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले, भराव ढासळले. दरडीतून वाचलेल्यांसाठी बांधलेल्या गावातच दरडीचा धडा वाचला गेला नसेल, तर तो इतरत्र कोण वाचणार?

‘प्रत्येक अपघात वेगळा असतो’ असे अभियंते सांगतात. मग पुण्यातील आठवडा आठवा. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात सीमाभिंत कोसळून तिच्या पायथ्याच्या पत्र्याच्या झोपड्यांत झोपलेले १५ जण गेले. तिसऱ्याच दिवशी, १ जुलैच्या रात्री, आंबेगाव बुद्रुक येथे (हे पुण्याचे उपनगर, तालुका नव्हे) तशीच भिंत कोसळून मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि सहा जण दगावले. पाऊस तोच, भिंतीमागची भिजलेली माती तीच, पायथ्याशी मजुरांचा निवाराही तोच. पहिली नोंद त्याच दिवशी शहरातील प्रत्येक बांधकामावर वाचून दाखवली असती, तर दुसऱ्या भिंतीखालच्या झोपड्या हलवायला दोन दिवस पुरेसे होते.

कायद्याची दृष्टीही मृतांच्या संख्येवर अडकलेली होती. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात पाच किंवा अधिक मृत्यू झाले तर महिन्याभरात चौकशी बंधनकारक होती. त्याहून कमी असतील तर ती अधिकाऱ्याच्या इच्छेवर. दहापेक्षा कमी मजूर असलेले काम कायद्याच्या कक्षेतच येत नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, पण दहाची अट राहिलीच. जुन्नर-आंबेगावातील कामे पाहा: विहिरीची खोदाई, शेततळे, दोन खोल्यांचे घर, ओढ्यावरची मोरी. चार-सहा माणसांची कामे. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना माती ढासळून चार मजूर गाडले गेले. चार, म्हणजे पाचाला एक कमी.

मागणी साधी आहे. घोडेगाव आणि जुन्नर येथील पंचायत समित्यांनी प्रत्येकी एक वही ठेवावी. तीत मृत्यू तर असावेतच, पण थोडक्यात टळलेले प्रसंगही असावेत: तुटलेला दोर, सरकलेली परांची, विहिरीच्या काठाला पडलेली भेग. उतार किती, माती कोणती, आदल्या दिवशी पाऊस किती, धोका आधी कोणाला दिसला आणि त्याने तो कोणाला सांगितला, हे मराठीत लिहावे. नवे काम मंजूर करताना तशाच कामाची जुनी पाने ठेकेदाराला आणि मजुरांना वाचून दाखवावीत.

ठेकेदार भीतीपोटी खरे सांगणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही वही फौजदारी तपासापासून वेगळी हवी. विमान अपघातांच्या चौकशीने हे तत्त्व केव्हाच स्वीकारले आहे: तिचा हेतू दोषारोप नव्हे, पुढचा अपघात टाळणे हा असतो. शिक्षेचे काम न्यायालयाने करावे.

‘मजुराचा हलगर्जीपणा’ हा आपल्या पंचनाम्यांचा लाडका निष्कर्ष आहे. घडलेले लिहून ठेवायचे आणि पुन्हा वाचायचे नाही, याला कोणाचा हलगर्जीपणा म्हणायचे?